इशाऱ्याला चूक मानावे काय?

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाला आपले लिखाण प्रथम एका कठोर परीक्षकापुढे ठेवावे लागते. या परीक्षकाचे नाव कंपायलर. माणसाला वाचता येईल अशा भाषेतील मजकूर यंत्राला कळेल अशा अंकांत उतरविणे हे त्याचे मुख्य काम. परंतु ते करीत असताना तो मजकूर बारकाईने वाचतो आणि त्यावर शेरेही मारतो. वाक्यच मोडके असेल, कंस उघडून मिटावयाचा राहिला असेल, तर ‘एरर’ म्हणजे चूक, असे नोंदवून तो काम तेथेच थांबवितो. दुसऱ्या जातीचा शेरा अधिक नाजूक आहे. वाक्य व्याकरणाला धरून आहे, पण लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हे नसावे, अशी शंका आली की तो ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा देतो आणि पुढे चालू लागतो. आज्ञावली तयार होते, चालते, गिऱ्हाइकाच्या हाती पडते. इशारा मात्र पडद्यावरून सरकून जातो तो कायमचाच.

खिळे जुळविण्याच्या काळातील छापखान्यात हा प्रकार अपरिचित नव्हता. उलटा बसलेला खिळा मुद्रितशोधक दुरुस्त करवून घेई. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गल्लत दिसली तर समासात एक प्रश्नचिन्ह काढून तो पुढे जाई. त्या चिन्हाकडे कोणी पाहिले नाही तर अंक वेळेवर निघे, आणि सकाळी वाचकांच्या हाती ‘स्वातंत्र्यदीन विशेषांक’ पडे!

सी या भाषेत असल्या जागा पुष्कळ आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडविली, आणि प्रोग्रॅमरला आपण काय करतो ते कळते, असा विश्वास तिच्या मुळाशी आहे. दोन राशी समान आहेत काय, हे विचारावयाचे तर या भाषेत बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. एकदाच लिहिले तर प्रश्नाची आज्ञा होते: डावीकडची रास उजवीकडच्या राशीइतकी कर. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत. अर्थात मात्र, ‘हा मनुष्य राजा आहे काय?’ आणि ‘या मनुष्याला राजा कर’, इतके अंतर आहे. तीच गोष्ट उणे संख्यांची. ज्या राशीला उणे चिन्ह माहीतच नाही तिच्याशी उणे एकची तुलना केली, की ३२ अंशांच्या हिशेबात उणे एक म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ ठरतो आणि दहापेक्षा मोठा निघतो. कंपायलरला हे दिसते, तो सांगतोही. ऐकणे न ऐकणे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

प्रारंभी तर हे सांगण्याचे कामही कंपायलरचे नव्हते. बेल प्रयोगशाळेतीलच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली त्यासाठी एक स्वतंत्र तपासनीस लिहिला आणि त्याला ‘लिंट’ हे नाव दिले. कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. कंपायलरने झटपट भाषांतर करावे आणि किचकट शंका वेगळ्या परीक्षकाने काढाव्या, अशी ती विभागणी होती. पुढे यंत्रे वेगवान झाली, आणि तंतू वेचण्याचे काम बव्हंशी कंपायलरनेच आपल्याकडे घेतले.

इशाऱ्यांचा खरा रोग त्यांच्या संख्येत आहे. मोठी आज्ञावली लाखो ओळींची असते. तिच्या प्रत्येक जुळणीच्या वेळी पडद्यावर तीनशे इशारे उमटत असतील, तर तीनशे एकावा इशारा कोणाला दिसणार? ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट येथे थोडी उलटी घडते. लबाडी कोणीच केलेली नसते. ओरडण्याची मात्र गावाला सवय होऊन जाते. म्हणून जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये ‘डब्ल्यू-एरर’ नावाचा एक पर्याय ठेवलेला आहे. तो लावला की प्रत्येक इशारा चुकीच्या पदवीला चढतो. एक इशारा शिल्लक असला तरी जुळणी थांबते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो या भाषेच्या कर्त्यांनी तर याहून पुढची पायरी गाठली. त्यांच्या कंपायलरला इशारा ही वस्तूच ठाऊक नाही; निरुपयोगी पडून राहिलेली एखादी स्थानिक राशीसुद्धा तेथे सरळ चूक ठरते.

मग हा पर्याय सर्वत्र, सदैव का लावू नये? लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये तसे करून पाहिले. त्या प्रणालीच्या गाभ्याच्या प्रत्येक जुळणीत इशारा म्हणजे चूक, असा नियम त्यांनी मूळ मजकुरातच घातला. काही दिवसांतच तो सैल करावा लागला आणि मुख्यत्वे चाचणीच्या जुळण्यांपुरता ठेवण्यात आला. कारण समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सचा गाभा नाना प्रकारच्या यंत्रांसाठी, कंपायलरच्या नव्या-जुन्या अनेक आवृत्त्यांनी जुळविला जातो, आणि प्रत्येक परीक्षकाच्या शंका निराळ्या. आज स्वच्छ उतरणारा मजकूर कंपायलरची पुढची आवृत्ती आली की, एक अक्षरही बदललेले नसताना, अडून बसतो. ज्याने तो लिहिला त्याला हे उपकारक आहे. पण दूरच्या गावी बसून केवळ वापरण्यासाठी तो जुळविणाऱ्या माणसाने काय करावे? यावरून जाणत्या मंडळींत एक रीत पडली आहे, आणि ती शहाणपणाची दिसते. कारखान्यात नियम कडक ठेवावा. माल बाहेर पाठविताना तो नियम मालासोबत पाठवू नये. जुन्या मजकुरावर तो एकदम लादू नये, हेही तितकेच खरे. इशाऱ्याचा एकेक प्रकार निवडून, तेवढ्यालाच चूक ठरवीत पुढे जाण्याची सोय जीसीसीमध्ये आहे.

तथापि या शिस्तीत एक धोका आहे. जुळणी अडून बसली आणि माल संध्याकाळी पाठवावयाचा असला, म्हणजे माणूस इशाऱ्याचे कारण दूर करण्याऐवजी इशाराच बंद करतो. एखादी राशी बळजबरीने दुसऱ्या जातीची आहे असे लिहून टाकले, की कंपायलर गप्प बसतो. प्रश्नाऐवजी आज्ञा लिहिली गेल्याची शंकासुद्धा जादा कंसांची एक जोडी घातल्याने मिटते, कारण कंस म्हणजे ‘हे जाणून केले आहे’ अशी सही समजली जाते. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणा अज्ञाताने लिनक्सच्या मजकुराच्या एका प्रतीत चोरून दोन ओळी घुसविल्या. त्यांत हीच युक्ती होती. वापरणारा सर्वाधिकारी आहे काय, असे विचारल्याचा देखावा करून एका बरोबरच्या चिन्हाने त्याला सर्वाधिकारी करून टाकावयाचे, आणि भोवती कंस घालून कंपायलरचे तोंड बंद करावयाचे! हा डाव फसला तो कंपायलरमुळे नव्हे. त्या बदलाची मान्यतेची नोंद मूळ दप्तरात सापडली नाही, म्हणून तो उघडकीस आला.

तेथे हेतू वाईट होता. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत २००६ साली जे घडले त्यात हेतू पूर्ण शुद्ध होता. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीवर, चालत्या आज्ञावलीवर नजर ठेवणारे एक साधन सारखी तक्रार करीत होते की, येथे कोणी काही न लिहिलेली स्मृती वाचली जात आहे. तक्रार खरी होती. ती मिटविण्यासाठी तशाच दिसणाऱ्या दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यांतील एक काढल्याने फारसे बिघडले नसते; दुसऱ्या ओळीतून मात्र किल्ल्यांना लागणारी सगळी यदृच्छा आत येत होती. ती वाट बंद झाली. मागे उरला तो केवळ चालू कार्याचा क्रमांक, आणि असे क्रमांक अवघे ३२,७६८. ज्या किल्ल्या अगणित असावयास हव्या त्या एका प्रकारच्या यंत्रावर इतक्याच निघू लागल्या, म्हणजे कोणालाही एकेक लावून पाहता याव्यात इतक्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले, तेव्हा दरम्यानच्या काळात तेथे बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. इशारा मिटला होता. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले.

उलट बाजूस, इशारा मागितलाच नाही म्हणून झालेली हानीही आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या फोनांत व संगणकांत एक दोष आढळला. ‘चूक दिसल्यास तपासणी सोडून शेवटाकडे जा’ अशी ओळ एके ठिकाणी चुकून दोनदा पडली होती. पहिली अटीखाली होती. दुसरी मोकळी राहिली आणि दरवेळी अमलात येऊ लागली. पुढची स्वाक्षरीची तपासणी कधी झालीच नाही, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्याने निकाल मात्र ‘ठीक’ असा लागे. या ओळींपर्यंत कधी कोणी पोहोचत नाही, हे सांगणारा इशारा ॲपलच्या कंपायलरपाशी होता. पण तो ‘ऑल’ नावाच्या नेहमीच्या संचात नव्हता. नाव ‘सर्व’ असले तरी त्या संचात सर्व इशारे नसतात, ही या व्यवसायातील एक मौजच म्हणावयाची. ओळ समासापासून आत सरकवून अटीखाली असल्याचा भास होत असेल, तर तसे सांगणारा इशारा जीसीसीने २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीत घातला, आणि तो मात्र ‘ऑल’मध्ये ठेवला.

एखादा इशारा खुद्द कंपायलरच्या कर्त्यांनीच चुकीच्या पदवीला नेल्याचे उदाहरण ताजे आहे. जुन्या सी भाषेत एखाद्या कार्याची ओळख आधी करून न देता त्याला हाक मारता येई. ते साधा पूर्णांक परत करते, असे गृहीत धरले जाई. पूर्णांक आणि स्मृतीतील पत्ता एकाच लांबीचे होते तोवर हे खपले. ६४ अंशांची यंत्रे आली, पत्ता लांब झाला, पूर्णांक ३२ अंशांचाच राहिला, आणि परत येणाऱ्या पत्त्याचा अर्धा भाग वाटेत गळू लागला. पाकिटावर पिनकोडचे शेवटचे तीनच अंक लिहावे तसे हे झाले: पत्र त्याच विभागातले असेल तर पोहोचते, बाहेरचे असेल तर भलतीकडे जाते. म्हणूनच अशी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मेजावर नीट चाले आणि दुसरीकडे कोसळे. १९९९च्या प्रमाणभाषेने ही सवलत काढून घेतली. जीसीसी मात्र जुन्या मजकुराची कीव करून नुसता इशाराच देत राहिला. मे २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २५ वर्षांनी, त्याने ती चूक ठरविली. त्याबरोबर एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. पुष्कळ जुन्या आज्ञावली जुळणीच्या आरंभी एक चिमुकली नमुना-आज्ञावली लिहून, अमुक सोय या यंत्रावर आहे काय, हे तपासून घेतात. ती नमुना-आज्ञावलीच अनेक ठिकाणी निष्काळजीपणे लिहिलेली होती. आता ती अडते, आणि यंत्रावर असलेली सोय नाही असे समजून मोठी आज्ञावली, एक शब्दही न बोलता, तिच्याशिवायच जुळविली जाते.