आधी गावाला विचारा

रोटरी क्लब १९०५ साली शिकागोत सुरू झाला. आज आपल्या तालुक्याच्या गावीही अशा सेवा क्लबांची रक्तदान, नेत्रतपासणी शिबिरं होतात, आणि ती हवीच आहेत. पण गावाला काय हवं, हे ठरवतं कोण? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते, असं लोकांनी मोकळेपणानं सांगितलं. म्हणून दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा उभा राहिला. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायची सोय झाली. नाव दिलं लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. हे विचारणं मला फार मोलाचं वाटतं. क्लबांनीही निधी मंजूर करताना वस्तीतल्या बायकांना बैठकीत बसवावं, मताचा अधिकार देऊन.