साबण चोरीला जात नव्हता

(भगिनी मंडळाच्या सभेत वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेले भाषण)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती मुलींचे निकाल सांगायला आणि तुमचे आभार मानायला. आज आधी एक चूक कबूल करते. चूक माझी आहे, आणि ती नळाच्या पाण्यामुळे उघडकीस आली.

आमच्या वसतिगृहात चाळीस मुली आहेत. बहुतेक कोरकू, मेळघाटातल्या वाड्या-पाड्यांतून आलेल्या. गावी त्या नदीपात्रातल्या झिऱ्याचं पाणी डोक्यावरून आणायच्या. इथे आल्यावर नळ बघून त्यांना केवढा आनंद होतो! पण आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या कडेला आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. नदीने आणून टाकलेल्या गाळाचा इथे खोल थर आहे आणि त्यातलं भूजल क्षारांनी भरलेलं आहे. आमच्या नळाला धरणाचं गोडं पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत त्याच नळातून बोअरचं पाणी येतं.

दर मुलीला महिन्याला कपड्याच्या साबणाची एक वडी, असा आमचा हिशेब. वडी पंधरा दिवसांतच संपायची. पांढरे शर्ट तरीही मळकट, राखाडी. शाळेतून चिठ्ठी आली, "मुलींना स्वच्छता शिकवा." केस राठ, चिकट. मी मुलींना ओळीत उभं करून बोलले. साबण विकता का, असंही विचारलं. एकीलाही उत्तर देता आलं नाही. रात्री सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, हे पानी साबन खाते." मी तिलाही गप्प केलं. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, ती परत आलीच नाही.

पुढे विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. एकीत धरणाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि दहा-दहा वेळा हलवल्या. पहिलीत तोंडापर्यंत फेस आला. दुसरीत फेस नाहीच, नुसता दह्यासारखा पांढरा साका. गुरुजी म्हणाले, "बाई, याला पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. तुमची मुलगी खरंच बोलली."

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. हे क्षार साबणाला धरतात आणि त्याचा साका करतात. सगळे क्षार संपेपर्यंत फेस येत नाही, म्हणजे निम्मी वडी मळाला लागतच नाही. तोच साका कपड्याच्या धाग्यांत आणि केसांत अडकतो. मुली रोज धूत होत्या, घासत होत्या. पाणीच त्यांना मळकट ठेवत होतं.

मग घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नव्हती, कारण कॅल्शियममुळे डाळीचा गर घट्ट होतो. गॅसची टाकी वेळेआधी संपायची. स्वयंपाकीण चिमूटभर खायचा सोडा टाकायची. डाळ मऊ व्हायची, पण सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व जातं. पातेल्याच्या तळाला पांढरा थर चढतो आणि त्यातून उष्णता नीट जात नाही.

आता दुसरी कबुली. तुमच्यापैकीच एका कुटुंबाने मोठ्या प्रेमाने आम्हाला सोलर हीटर दिला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात तो बंद पडला. नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. लाजेपोटी मी तुम्हाला कळवलं नाही. देणगीत खोट नव्हती. पाणी न तपासता यंत्र बसवलं, ही खोट आमची.

पाणी आम्ही सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. आमच्या बोअरचं पाणी त्याही पुढे होतं. कठीणपणामुळे माणूस लगेच आजारी पडतो असं नाही. पण पाण्यात खारेपणा, फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का, हे जिभेवरून नक्की ठरत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

"मग आरओ बसवा की," असं पुष्कळांनी सुचवलं. पण त्यात गाळलेल्यापेक्षा टाकून द्यायचं पाणीच अनेकदा जास्त असतं. टंचाईच्या गावात हे परवडत नाही. मीठ वापरून पाणी मऊ करणारं यंत्रही मिळतं, पण ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं. आमचं पाणी आधीच खारं!

म्हणून आम्ही साधे उपाय धरले. धरणाचं पाणी वेगळ्या टाकीत भरतो. डाळ, चहा आणि पिणं त्यावरच. धुण्याच्या बादलीत आधी धुण्याचा सोडा टाकतो, साका खाली बसू देतो आणि मग वरच्या पाण्यात साबण लावतो. हा सोडा स्वयंपाकात किंवा अंगाला मात्र वापरायचा नाही. केस धुतल्यावर शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे. तोट्यांवरचा थर पिळलेल्या लिंबाच्या सालीने निघतो. आता वडी महिनाभर पुरते. शर्ट पुन्हा पांढरे दिसू लागलेत.

एक काम राहिलंय, पावसाचं पाणी साठवण्याचं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छप्पर शंभर चौरस मीटर आहे. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 70,000 लिटर होतात. सगळं साठवायची आमची ऐपत नाही. पण 10,000 लिटरची एक टाकी असेल तर रोज शंभर लिटरप्रमाणे स्वयंपाकाला पावसाळ्यानंतर शंभर दिवस पुरेल. या वर्षी काही द्यायचं मनात असेल, तर यंत्रापेक्षा ही टाकी द्या.

ती मुलगी? मी उन्हाळ्यात तिच्या गावी गेले. तिच्या आईसमोर तिला म्हटलं, "बाई, तू खरं बोललीस, मी चुकले." ती काही बोलली नाही. झिऱ्यावरून भरून आणलेल्या हंड्यातलं पाणी तिने तांब्यात घालून मला दिलं. जूनमध्ये ती परत येईल का, मला माहीत नाही. तिचा पलंग आम्ही रिकामा ठेवलाय.

आदिवासी मुलं अस्वच्छ असतात, असं कोणी तुमच्यासमोर म्हणालं, तर आधी त्यांच्या नळाला कुठलं पाणी येतं ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

आमच्या मुलींना प्रार्थनेत आठवा.