बाळूताई, विभावरी, मालतीबाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी पहिली कविता छापून आली तेव्हा तिच्याखाली माझं नाव नव्हतं. मीच दिलं नव्हतं. मोहल्ल्यात कुणी वाचलं तर अब्बांना काय काय ऐकावं लागेल, हा धाक होता. म्हणून एक खोटं नाव शोधलं आणि पाकिटावर रत्नागिरीचा पत्तासुद्धा घातला नाही. असं करणारी मी पहिलीच, असं मला तेव्हा वाटत होतं. बी. ए. ला मराठी विषय घेतला आणि कळलं, की १९३३ साली एका बाईने हेच केलं होतं, आणि तिचा धाक माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

ही बाई म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीचा. शिरूर म्हणतात ते हेच गाव. वडिलांनी मुलीला शिक्षणासाठी हिंगण्याला, अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत ठेवलं. कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. विधवेशी लग्न केलं म्हणून याच मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, हे आपल्याकडे अजून सांगितलं जातं. त्या कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवी घेऊन बाळूताई पुण्याच्या कन्याशाळेत शिकवू लागल्या.

मुलींना शिकवा, असं सगळेच सुधारक सांगत होते. पण शिकलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते बाळूताई रोज पाहत होत्या. वय वाढलेलं, पगार घरात जातोय, धाकटी भावंडं त्यावर शिकताहेत आणि तिच्या लग्नाचा विषय निघाला की घरातले सगळे दुसरंच काहीतरी बोलू लागतात. तिलाही मन आहे, शरीर आहे, हे तर कुणाच्या गावीच नाही. हे सगळं त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या कथांत लिहिलं. ह. वि. मोटे यांनी पुस्तक काढलं, आणि लेखिकेचं नाव छापलं विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूर स्वतःचं गाव. लपतानाही बाईने गावाचा धागा सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

एकच गदारोळ झाला. टीका झाली, निषेध झाले, ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या अविवाहित बाईचं नाव त्या दिवसांत बाहेर आलं असतं तर नोकरीचं काय झालं असतं, याची कल्पना आपण करू शकतो. पण त्या गप्प बसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. तिची नायिका अचला. नवऱ्यापासून दुरावलेली, दुसऱ्या पुरुषावर प्रेम करणारी आणि आई होऊ पाहणारी. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली. आम्हा मुस्लिम स्त्रियांना विवाह मोडण्यासाठी कोर्टात जाण्याची वाट १९३९ च्या कायद्याने मिळाली. म्हणजे अचलाने प्रश्न विचारला तेव्हा दोन्हीकडच्या बाया अडकलेल्याच होत्या.

१९३६ साली शाळा सोडून त्या सोलापूरला गेल्या, सरकारी सेटलमेंटवर देखरेखीसाठी. ज्यांना इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवलेलं होतं. १८७१ चा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तिथे जे पाहिलं त्यातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. माझ्या मते हीच त्यांची सगळ्यात मोठी कादंबरी, पण चर्चा मात्र अजून ‘कळ्यां’चीच होते. मधे १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालतीबाई झाल्या. निराधार स्त्रियांची स्थिती मांडणारं ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तकही त्यांचंच.

आता घरातली एक गोष्ट सांगते. आमची आपा शाळेत शिकवायची. तिच्या पगारावर माझे दोन भाऊ आणि मी शिकलो. भाऊ पुढे आखातात गेले, त्यांचे निकाह झाले. आपाचा राहून गेला, कसा ते कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. परीक्षेसाठी मी ‘कळ्यांचे निःश्वास’ घरी आणलं होतं. त्यातल्या एका कथेचं नाव आहे, ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ आपाने ते पान उघडं पाहिलं, पुस्तक उचललं आणि आत गेली. दोन रात्री तिच्या खोलीत दिवा होता. तिसऱ्या दिवशी तवा उतरवता उतरवता म्हणाली, “ही बाई आमच्या घरात कधी येऊन गेली गो?”

मी काय सांगणार? अब्बा बाहेर ओटीवर बसले होते.

१९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं. साहित्यव्यवहारातल्या सरकारी हस्तक्षेपाला विरोध म्हणून भरवलेल्या त्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या मालतीबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेली, स्वतःच्या नावाने, सगळ्यांसमोर. २००१ साली त्या गेल्या तेव्हा बातमी मी आपाला वाचून दाखवली. तिने विचारलं, “त्यांचं खरं नाव काय होतं?” मी तिन्ही नावं सांगितली. ती म्हणाली, “बाळूताई बरं आहे.”