गाडी थांबते कशाने?

एस. टी.च्या गाडीने घाट उतरताना एक आवाज आपण सर्वांनीच ऐकला आहे. चालकाने ब्रेकवरचा पाय उचलला की खालून 'फुस्स' करून हवा सुटते. तो आवाज ऐकून आपण पुन्हा डुलकी घेतो. पण त्या हवेवर पन्नास माणसांचा जीव अवलंबून असतो. ती यंत्रणा येते कोठून, कोण बनवतो आणि कोण विकत घेतो, याविषयी आज दोन शब्द सांगणार आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. माझा ब्रेकशी संबंध कसा आला तेही ओघाने येईलच.

सायकलचा ब्रेक आपल्या बोटांच्या जोरावर लागतो. पण सोळा टनांचा ट्रक माणसाच्या पायाने कसा थांबावा? अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुणाने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. पुढे तेच तत्त्व ट्रक-बसला लागू झाले. इंजिनावर चालणारा पंप टाकीत हवा दाबून भरतो. चालकाचा पाय फक्त झडप उघडतो. दाबलेली हवा चाकाजवळच्या डब्यातला रबरी पडदा रेटते, दांडा सरकतो, आणि ड्रमच्या आतले लायनर ड्रमवर घट्ट बसतात.

पण नळी फुटली तर? वेस्टिंगहाउसच्या पहिल्या ब्रेकची हीच उणीव होती. १८७२ मध्ये त्याने युक्ती उलटी केली : दाब उतरला की ब्रेक आपोआप लागावा! आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांवरही असाच पहारेकरी असतो. तिथली दणकट स्प्रिंग सदा ब्रेक लावू पाहते आणि हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग चाक जखडते.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून घ्यावा. सोळा टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर तेवढ्या उतरण्यातून जी ऊर्जा मोकळी होते, ती सारी ब्रेकवर पडल्यास सुमारे अडीचशे लिटर पाणी उकळीला येईल. एका मोठ्या पिंपाहून अधिक! लोणावळ्याहून खोपोलीस उतरणारी गाडी याहूनही थोडी जास्तच खाली येते. ही उष्णता ड्रम आणि लायनर यांनी सोसायची असते. लायनर फार तापला की त्याची पकड सुटते. पाय दाबलेला असतो, हवाही असते, आणि गाडी मात्र थांबत नाही.

ट्रक बनवणारा कारखाना ब्रेकची बहुतेक यंत्रणा स्वतः बनवीत नाही. ती दुसऱ्याकडून घेतो. आपल्याकडे १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने जर्मन सहकार्याने ट्रक बांधणे सुरू केले. परकीय चलनाची टंचाई होती. सुटे भाग देशातच व्हावेत ही निकड होती. १९६२ मध्ये मद्रासजवळ पाडी येथे सुंदरम-क्लेटन ही कंपनी इंग्लंडमधील क्लेटन ड्यूवँडर यांच्या सहकार्याने हवेचे ब्रेक बनवण्यासाठी उभी राहिली. कामाच्या दर्जासाठी १९९८ मध्ये तिला जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. तिचा ब्रेकचा व्यवसाय पुढे वॅबको या कंपनीकडे आणि २०२० मध्ये वॅबकोसह जर्मनीच्या झेडएफ समूहाकडे गेला. 'वॅबको' या नावात वेस्टिंगहाउसच लपलेला आहे, बरे का!

परदेशी कंपनीला वाटते, तिकडे चालणारा ब्रेक इकडे आणून विकावा. पण इथे धूळ आहे, चिखल आहे, टाकीत पाणी साचवणारी दमट हवा आहे, आणि सोळाच्या जागी बावीस टन भरणारे आपणही आहोत! इथल्या पुष्कळ मालकांकडे एक-दोनच गाड्या, त्याही कर्जावरच्या. ते किमतीकडे पाहतात, म्हणून ट्रकचा कारखाना किमतीकडे पाहतो, म्हणून ब्रेकवाल्यालाही दर पाडून मागितला जातो. गंमत अशी की सौदा करणारा वेगळा आणि घाट उतरणारा वेगळा.

अशा ठिकाणी एकटा बाजार पुरत नाही, कायदा लागतो. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून चाकाचे फिरणे मोजून दाब क्षणोक्षणी कमी-जास्त करणारी यंत्रणा आहे. तिला एबीएस म्हणतात. युरोपात जड वाहनांच्या काही वर्गांना ती १९९१ पासून सक्तीची झाली; आपल्याकडे जड ट्रक-बसना २०१५ पासून. सक्ती सर्वांना सारखी झाली की 'मी बसवली तर माझीच गाडी महाग पडेल' ही सबब उरत नाही. शिवाय माल मोठ्या संख्येने बनू लागला की नगामागे खर्चही उतरतो.

पण नवी गाडी कायदा पाहतो. जुनीकडे कोण पाहणार? आता माझी गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, आमच्या दाजींचा, एक जुना ट्रक होता. लायनर बदलायचे होते. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. एक जोड नावाजलेली, दुसरी बिननावाची, निम्म्या किमतीची. दाजी घुटमळले. मी म्हणालो, "अहो दाजी, दिसायला तर सारखीच आहेत. उगीच नावाचे पैसे कशाला देता?" एम. ए. झालेल्या मेहुण्याचा शब्द, त्यांनी मानला. सपाटीवर ते लायनर महिनाभर नीट चालले. मग कांदा भरून कसारा घाट उतरताना ब्रेक तापले आणि पकड सुटली. दाजींनी प्रसंग ओळखून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ते वाचले. क्लीनर मुलगा मात्र आजही काठी घेऊन चालतो. दाजींनी मला कधी बोल लावला नाही. पण तो मुलगा समोर आला की माझी मान खाली जाते.

म्हणून चार गोष्टी सांगतो. लायनर, नळ्या, रबरी पडदे खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्या. हवेच्या टाकीतले पाणी रोज सोडा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. चढाला जो गिअर लागतो तोच उताराला ठेवा. आणि गाडीला झेपेल तेवढाच माल भरा.

चालणे तर बैलगाडीलाही येते. वाहनाची खरी परीक्षा वेळेवर थांबण्यात आहे. पुढच्या खेपेस घाटात ते 'फुस्स' ऐकाल, तेव्हा एवढे आठवा.