आगीपूर्वींची तयारी
(ज्युबिलीच्या सप्ताहांत धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें चूल व गॅस यांविषयीं बोलावें, याचें कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु घरोघर आशीर्वाद देत आम्ही फिरतों, तेव्हां वेदीवरील जळती मेणबत्ती, तिच्यावर लोंबणारा पडदा आणि कुलूप घातलेली खिडकीची जाळी, हीं तिन्ही एकाच खोलींत आमच्या दृष्टीस पडतात. चोराच्या भयानें आपण घर इतकें बंद करितों कीं, आंतील मनुष्यास पळण्यास वाट उरत नाहीं.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलें. त्यांत कापसाचे गठ्ठे व स्फोटक द्रव्यें एकत्र भरलीं होतीं. त्या दिवशीं आग विझवितांना ६६ अग्निशामक जवान प्राणांस मुकले. आपण नाताळांत गोठ्याच्या पेंढ्याशेजारीं मेणबत्ती ठेवितों, तेव्हां लहान प्रमाणावर तेंच करितों. आणि विजेचे दिवे तसेच जळत ठेवून सारें कुटुंब मध्यरात्रीच्या मिस्सास जातें!

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीवरून सरपटतो, आणि मागील दारीं न्हाणीचें पाणी तापविण्याची लाकडांची चूल पेटलेली असल्यास तिच्यापर्यंत पोहोंचतो. वास येतांच विजेचें बटन लावूं नये, बंदही करूं नये. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या, बाहेर पडावें आणि तेथून १९०६ या क्रमांकास कळवावें. कढईंतील तेल पेटल्यास त्यावर पाणी मुळींच ओतूं नये. पाण्याची तत्क्षणीं वाफ होऊन पेटलेलें तेल चोहोंकडे उडतें. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावें व कढई निवेपर्यंत तें उचलूं नये. भाजल्या जागीं वाहतें थंड पाणी वीस मिनिटें धरावें. शाई व दंतमंजन लावण्याची जुनी खोड मात्र आतां पुरे.

परंतु आमचा खरा प्रश्न निराळाच आहे. आगींत मनुष्य ज्वाळेपेक्षां बहुधा धुरानें मरतो, आणि झोपलेल्यास धुराचा वास जागें करीलच असें नाहीं. तर मग आंतल्या खोलींत अंथरुणास खिळलेल्या आजीला बाहेर कोण आणील? हें आम्हीं पुष्कळ घरांत विचारलें. “आम्ही सगळे आहोंत ना, फादर,” असें उत्तर मिळतें. ज्या कामाचे धनी सगळे, त्याचा धनी कोणीच नसतो. शिवाय, हे “सगळे” सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात; दुपारीं घरांत सून, दोन मुलें व आजी एवढींच राहतात. ज्या योजनेचा सारा भार कर्त्या पुरुषांवर, ती दुपारीं निरुपयोगी होय. यास्तव दिवसाकरितां एक व रात्रीकरितां एक, अशीं नांवें आजच ठरवावीं. आजीची खाट दाराजवळच्या खोलींत आणतां आल्यास फारच बरें. घरांतील मंडळी थोडी कुरकुरेल, कारण ती खोली पाहुण्यांची असते!

जाळीची किल्ली जाळीपाशींच, लहान मुलाच्या हातास येईल परंतु बाहेरच्याच्या हातास लागणार नाहीं अशा खिळ्यावर टांगावी. मग एका रात्रीं दिवे मालवून सर्वांनीं धुरांत चालावें तसें वांकून, भिंत चांचपीत दारापर्यंत जावें. मुलांस हा खेळ वाटेल, वाटूं द्यावा. बाहेर विहिरीजवळ किंवा वाडींतील एखाद्या माडाखालीं जमण्याची जागा नेमून तेथें डोकीं मोजावीं. जमिनीचे कागद व बँकेचीं पुस्तकें एका पिशवींत असावीं, परंतु तिच्याकरितां कोणीं मागें फिरूं नये. कोणी आंत राहिलें असल्यास १०१ वर कळवावें, आणि बंब येतांच तें मनुष्य कोणत्या खोलींत आहे, हें जवानांस प्रथम सांगावें.