दूरच्या यंत्राची किल्ली

संकेश्वरच्या पेठेत आमच्या काकांचे खतांचे दुकान आहे. तेथील हिशेबाचा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो आणि त्याची देखभाल मी पुण्यात बसून करतो. ज्या सेवेमुळे हे साधते, तिला एसएसएच म्हणतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरीस गेले, तेव्हा टाटू युलेनेन यांनी १९९५ साली ती रचली. दोन यंत्रांमधील सारे संभाषण ती गुप्त लिपीत नेते.

तिची उभारणी अवघड नाही. दूरच्या यंत्रावर सेवा बसवावी, बाहेरून तेथवर पोहोचण्याची तजवीज करावी आणि आपल्याकडे किल्ल्यांची जोडी तयार करावी. जाहीर किल्ली तिकडे ठेवावी; खासगी किल्ली कोणासही देऊ नये.

गेल्या पावसाळ्यात रात्री वीज गेली व पहाटे आली. उधारीच्या याद्या त्याच सकाळी शेतकऱ्यांस द्यावयाच्या होत्या. मी हाक दिली, तो उत्तर आले, ‘जोडणी नाकारली’. काकांस दूरध्वनी केला.

“काका, यंत्राचा दिवा लागला आहे का?”

“लागलाय की रे! पण याद्या कुठं हाईत?”

त्या उत्तरातच रोगाचे निदान होते. उत्तर मुळीच न येता वेळ संपली, तर यंत्र बंद, पत्ता बदललेला अथवा वाटेत संरक्षक भिंत, असे समजावे. जोडणी नाकारली गेली, तर यंत्र जागे आहे, पण बावीस क्रमांकाच्या दारावर बहुधा द्वारपाल नाही. ‘परवानगी नाही’ असे आले, तर द्वारपालास आपली किल्ली पटलेली नाही.

आमचा द्वारपाल का नव्हता? चूक माझीच. मी सेवा सुरू केली होती. परंतु यंत्र पुन्हा चालू होताच तिने आपोआप उठावे, ही दुसरी आज्ञा द्यावयाची राहिली होती. काकांनी एका बोटाने दोन्ही आज्ञा टंकल्या आणि दुकान उघडण्यापूर्वी याद्या छापून निघाल्या.

तेव्हापासून दोन नियम मी पाळतो. उभारणी झाली की यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करून पाहतो. आणि दूरून सेवेची घडी बदलताना जुनी जोडणी तोडत नाही. नव्याने प्रवेश मिळाल्यावरच ती सोडतो. नाहीतर आपणच आतून कडी घालून बाहेर उभे राहतो, आणि मग संकेश्वरची गाडी गाठण्यावाचून इलाज उरत नाही.