शेवटचा अंक कुणाचा?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)

‘मुगल-ए-आझम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शीशमहाल उभा राहतो. मधुबाला, दिलीपकुमार, पृथ्वीराज कपूर यांचा भारदस्त अकबर, आणि आपल्या दुर्गाबाई खोटे यांची जोधाबाई. पण हा सारा डोलारा ज्या पायावर उभा आहे, ते एक उर्दू नाटक आहे, आणि गंमत म्हणजे ते नाटक आधी रंगभूमीनंच नाकारलं होतं. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली ‘अनारकली’ लिहिलं. नाटकवाल्यांना ते आहे तसं नको होतं, आणि त्यांनी सुचवलेले बदल ताज यांना मान्य नव्हते. पुढे ते छापलं गेलं. मी बी.ए.ला उर्दू घेतलं होतं, तेव्हा जळगावात मीही ते पाहिलं नाही, वाचलंच.

नाटकाचे अंक तीन. इश्क, रक्स आणि मौत. शहजादा सलीमचा एका दासीवर जीव जडतो. दिलाराम नावाची दुसरी दासी मत्सरानं डाव रचते. नाचाच्या मैफलीत त्या दोघांच्या खाणाखुणा अकबराला आरशातून दिसतात, आणि शेवटी अनारकली भिंतीत चिणली जाते. या गोष्टीला इतिहासाचा आधार दिसत नाही, हे ताज यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं. ते बरं केलं. इतिहास आणि कहाणी यांची गल्लत करायची आपल्याला हौस फार.

के. आसिफ यांनी या गोष्टीला हात घातला तो स्वातंत्र्याच्या आधी. मग फाळणी झाली, पैसा लावणारे पाकिस्तानात गेले, पहिले अकबर चंद्रमोहन वारले. सगळं नव्यानं मांडलं. शापूरजी पालनजींनी पैसा पुरवला आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात चित्रपट लागला. खर्च दीड कोटीच्या घरात गेल्याचं सांगतात. त्या काळी बहुतेक सिनेमे काही लाखांत होत. शीशमहालासाठी काच बेल्जियमहून आली. चित्रपट कृष्णधवल, पण ते गाणं रंगीत. सबंध चित्रपट रंगीत होऊन पुन्हा आला तो २००४ साली. त्या गाण्यातल्या अवघड गिरक्या मधुबालाच्या नाहीत, बरं का. शिल्पकार खेडकरांनी तिच्या चेहऱ्याचा मुखवटा घडवला आणि तो चढवून लक्ष्मीनारायण नावाचा पुरुष नाचला. आपल्या तमाशाच्या मुलखात नाच्याची परंपरा जुनी, त्यामुळे मला याचं नवल कमी आणि कौतुक जास्त वाटलं.

एवढी उधळपट्टी कशासाठी, असं कुणीही विचारील. माझं उत्तर त्या आरशांत आहे. नाटकातला आरसा चुगली करतो, त्यातून बापाला मुलाचं गुपित कळतं. आसिफ यांच्या हाती तोच आरसा आला आणि त्याचे हजार तुकडे झाले. बादशहा मान वर करतो, तर छतभर ती एकच मुलगी नाचते आहे. जिला भिंतीत गाडायचं, तिनं त्याच्या सगळ्या भिंती व्यापल्या आहेत. हे रंगमंचावर होणं नव्हतं. इथे पैसा वसूल झाला. लढाईच्या प्रसंगाबद्दल मात्र मला असं म्हणता येणार नाही. तिथे हत्ती-घोडे पुष्कळ, जीव थोडा.

लढाईवरून आठवलं. बाप-लेकाचं भांडण खरोखर झालं, आणि त्याचा एक धागा आपल्या खानदेशातून जातो. भुसावळहून खांडव्याकडे निघालं की रावेरनंतर बऱ्हाणपूर येतं, आणि त्याच्या पुढे असीरगड. शिरपूरजवळच्या थाळनेरहून ज्यांचं राज्य सुरू झालं, त्या फारुकी सुलतानांचा हा शेवटचा आधार. अकबर स्वतः हा गड घ्यायला येऊन बसला होता, आणि नेमकी तीच वेळ साधून तिकडे सलीमनं बंड पुकारलं. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्याच वर्षी अकबर आग्र्याला परतला. पुढच्या वर्षी दक्षिणेतून आग्र्याकडे निघालेल्या अबुल फझलला सलीमनं वाटेत मारवलं. भांडण तख्ताचं होतं. सलीम तेव्हा तिशी ओलांडलेला, घरात बायकामुलं असलेला माणूस. चित्रपटात तो नवसाचा एकुलता एक. खरं तर त्याला दोन भाऊ होते. मुराद १५९९ मध्ये दक्षिणेतच गेला. दानियालला अकबरानं हाच खानदेश दिला, त्याच्या नावावरून आपल्या मुलखाला ‘दानदेश’ म्हणू लागले, आणि तो दारूपायी बऱ्हाणपुरात मेला. त्याच्यावर कुणी नाटक लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता शेवटाकडे येतो, कारण माझा खरा विषय तोच. ताज यांनी नाटकाला नाव दिलं अनारकलीचं, आसिफ यांनी चित्रपटाला दिलं बादशहाचं. नाव बदललं तसा तिसरा अंकही बदलला. चित्रपटातल्या अनारकलीच्या आईला अकबरानं सलीमच्या जन्माच्या वेळी शब्द दिलेला असतो. ती बाई तो शब्द मागायला उभी राहते. मग भिंत तर उभी राहते, पण आतून भुयाराची वाट निघते. मायलेकींनी मुलखाबाहेर निघून जायचं, आणि ती जिवंत आहे हे सलीमला कधीही कळू द्यायचं नाही, ही अट. बादशहाचा न्यायही राहिला आणि शब्दही राहिला. जाणकार म्हणतात, ही पळवाट आहे, शोकांतिकेची धार गेली.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो धुळ्यात, मॅटिनीला, आई आणि गल्लीतल्या बायकांबरोबर. त्यांच्यात अर्ध्याअधिक अहिराणी बोलणाऱ्या. दरबारी उर्दू त्यांना किती कळली असेल कोण जाणे, पण भिंतीची शेवटची वीट बसली तेव्हा अख्खी रांग रडत होती. भुयार दिसलं तशी एकीनं माझ्या आईचा हात धरून विचारलं, “माय वं, जित्ती शे ना पोर?” आई म्हणाली, “हाँ, जिंदा है.” त्या बाईनं पदरानं डोळे पुसले, आणि मग पुन्हा रडायला लागली. पहिल्यापेक्षा जास्त.

धार गेली म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. आमच्याच गल्लीतली एक मुलगी, मनाविरुद्ध ठरलेलं लग्न तिनं नाकारलं. दोन दिवस त्या घराचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, पोर सुरतेला मावशीकडे पाठवली. कुणी मारलं नाही, कुणी भिंतीत चिणलं नाही. सुरत तरी किती लांब, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो माणूस. पण त्या घरातून तिचं नाव गेलं. ईदेला नाही, भावाच्या लग्नाला नाही. तिची आई आमच्याकडे पीठ मागायला, मिरची कांडायला यायची. माझी आई इकडचं तिकडचं सगळं विचारायची, तेवढं एक सोडून. एकदा मात्र ती बाई स्वतःच म्हणाली, “खुश है वहाँ, सुना है.” आणि परात उचलून निघून गेली.